गॅरेजमधला पूल

"बी मायनस?" मी फोन डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचलं. "फिजिक्समध्ये? तुला?"

"ओरडू नकोस गं आई," कोरा म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

ओरडू नको तर काय करू? डिसेंबरात कॉलेजने माझ्या पोरीला घेतलंही नाही आणि नाकारलंही नाही, नुसतं लटकवून ठेवलं. बारावीच्या पहिल्या सहामाहीचे गुण बघू, मग मार्चमध्ये काय ते सांगू, म्हणे. तेव्हापासून हे घर त्या गुणांसाठी जीव मुठीत धरून बसलं होतं. माझा नवरा रेमंड टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघायचा.

डिसेंबरातल्या त्याच दिवशी त्याच कॉलेजने मॅलरीला मात्र घेतलं. मॅलरी म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरची, कोराची बालवाडीपासूनची मैत्रीण. माझ्याच स्वयंपाकघरात कोराच्या गळ्यात पडून रडली होती. "आपण दोघी जाणार. मी आहे ना तुझ्या पाठीशी!" मलाही भरून आलं होतं. मूर्ख मी.

"पूल पडला," कोरा म्हणाली.

सहामाही परीक्षेऐवजी हा पूल होता, हलक्या लाकडाच्या काड्यांचा. दोघींनी मिळून करायचा आणि गुणही दोघींना सारखेच. आराखडा, हिशेब, कापाकापी, चिकटवणं, सगळं कोराचं. मॅलरीकडे एकच काम होतं. पूल घरात उबेला ठेवायचा आणि सोमवारी शाळेत आणायचा.

"पहिलंच वजन टांगलं आणि सगळे सांधे सुटले. गोंद वाळलाच नव्हता. पूल रात्रभर गॅरेजमध्ये होता."

"गॅरेजमध्ये? या थंडीत?" आमच्या मेन राज्यात, अमेरिकेच्या पार उत्तर टोकाला, जानेवारीत गॅरेजमधल्या दुधाचा दगड होतो. "कळत नाही का तिला?"

"कळतं. त्यांना टेबल रिकामं हवं होतं. केकसाठी."

"कसला केक?"

"प्रवेश मिळाल्याचा. पार्टी होती. सगळा वर्ग होता." सोलणं थांबलं. "मला वाईट वाटेल म्हणून बोलावलं नाही, म्हणे."

मी खुर्चीत बसले. नुसता निष्काळजीपणा असता तर एखादे वेळी गिळलाही असता.

"आणि पुलाचं काय म्हणाली?"

"सॉरी म्हणाली. एका बी मायनसने काय होतंय, मलाही तेवढेच मिळालेत की, म्हणाली."

"तिला काय जातंय बोलायला! तिचं तिकीट निघालंय." मी फोन उचलला. "थांब, तिच्या आईलाच फैलावर घेते. आणि सरांना सांगितलंस का, कुणामुळे झालं ते?"

"सांगितलं. जोडीचे गुण जोडीलाच, म्हणाले. आई, ठेव तो फोन."

"का ठेवू?"

"उद्या तिच्याच गाडीतून जायचंय मला."

खरंच होतं. आमची एकुलती एक गाडी रेमंड पहाटेच कामावर नेतो, आणि शाळेची बस यंदा आमच्या रस्त्याला येत नाही. मी फोन ठेवला. माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि करणारी तर तिच्या घरी शिळा केक खात बसली असेल.

सकाळी हॉर्न वाजला. आमच्याकडची पद्धतच आहे. ज्याची गाडी तो आत हीटर लावून बसतो, आणि फुकट जाणारा काचांवरचा बर्फ खरवडतो. मॅलरी पुढच्या काचेत फटीएवढी जागा पुसून तेवढ्यावर आली होती आणि आता फोनमध्ये डोकं घालून एकटीच हसत होती. कोराने पुढची काच खरवडली, बाजूच्या खरवडल्या, मग मागे आली. बर्फाखालून त्या कॉलेजचं नवंकोरं स्टिकर निघालं, प्रवेश मिळाला की इथे गाडीवर लावतात ते.

ती थांबली. मी खिडकीशी उभी होते. ओरबाड, पोरी, मी मनात म्हणत होते, ओरबाडून काढ ते.

कोराने खरवडणी काखेत धरली, हातमोजा काढला आणि स्टिकरवरचा बर्फ उघड्या बोटांनी हळूहळू पुसला. एक कोपरा सुटला होता. तो तिने अंगठ्याने दाबून नीट चिकटवला, धरेपर्यंत दाबून ठेवला, आणि मग गाडीत जाऊन बसली.