विमलाबाईंनी मला जपून ठेवलं

मित्रांनो, मी एक फ्लॉपी. जुनी आहे हे मान्य, पण कुणी भंगार म्हटलं की मला अजून राग येतो. निळा रंग, तळहाताएवढं अंग, वर पत्र्याची सरकती पट्टी. आमच्या काळी एका कॉम्प्युटरमधलं काम दुसऱ्यात न्यायचं तर मला बरोबर घ्यावंच लागे. गंमत अशी, की माझ्या पोटात काय लिहिलंय ते मला स्वतःला वाचता येत नाही. म्हणून मला एक खोडच लागली. माणसं काय बोलतात ते कान टवकारून ऐकायचं!

२००१ साली नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका सायबर कॅफेत, मनालीनं मला विकत घेतलं. ती कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. घरी कॉम्प्युटर नव्हता. थोडं काम कॉलेजच्या लॅबमध्ये, थोडं कॅफेत, आणि मी सदैव तिच्या पर्समध्ये. रोज माझ्यात काहीतरी भरलं जायचं. काय असेल बरं? मला चैन पडेना.

उलगडा झाला तो तिच्या आईमुळे. मनालीच्या कॉलनीत वाचनालय होतं, पण त्याला खोली नव्हती. पुस्तकं घराघरांत राहायची आणि विमलाबाई, म्हणजे मनालीची आई, सगळा हिशेब डोक्यात ठेवायच्या. कुणी पुस्तक मागितलं की सांगायच्या, "ते सहादूभाऊंकडे होतं, आता सरुबाईंनी नेलंय." मनालीचा प्रोग्राम हेच काम करणार होता. पुस्तकाचं नाव लिहा, ते कुणाच्या घरी आहे ते वेबपेजवर दिसेल.

"झाला की काय करशील गं त्याचं?" विमलाबाईंनी विचारलं.

"परीक्षेत दाखवेन. कुणाला द्यायची नाही मी. लोक ढापतात, आई."

विमलाबाई हसल्याच. "अगं, आपण पुस्तकं वाटत फिरतो आणि पुस्तकं शोधायचं यंत्र तेवढं लपवून ठेवायचं? लोक नावं ठेवतील आपल्याला!"

जगात कितीतरी जण आपले प्रोग्राम सगळ्यांसाठी खुले ठेवतात, त्याला ओपन सोर्स म्हणतात, हे मनालीला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्यातलं सगळं एका फुकट वेबसाइटवर चढवलं आणि खाली एक ओळ लिहिली. लिहिताना ती पुटपुटली म्हणून मला कळलं, "वापरा, सुधारा, पुढे द्या."

खरं सांगते, मला मुळीच आवडलं नाही. माझ्या पोटातलं असं रस्त्यावर मांडायचं म्हणजे काय!

महिन्याभरात ई-मेल आली. सटाण्याचे चिमाजी सर, शाळेत शिक्षक. त्यांनी प्रोग्राम शाळेच्या ग्रंथालयात लावला होता. एकाच नावाची दोन पुस्तकं असली की प्रोग्राम एकच दाखवायचा, ती चूक त्यांनी सुधारली होती. खाली फोन नंबरही होता. मनालीनं ती ई-मेल घरी सगळ्यांना वाचून दाखवली. कुठे सटाणा, कुठे आम्ही! तिथली मुलं माझ्यातला प्रोग्राम कशी वापरत असतील, याचा मी रात्रंदिवस विचार करत राहिले.

मग एप्रिल आला. प्रोजेक्टची परीक्षा तोंडावर. प्रोजेक्ट चालला नाही तर मनालीचं वर्ष वाया जाणार होतं. नेमके त्याच सुमारास व्हायरस आला म्हणून लॅबमधले सगळे कॉम्प्युटर पुसून काढले, आणि ती फुकट वेबसाइटही बंद पडली. उरले मी एकटी. मनातून मला मोठा अभिमान वाटला!

कॉलनीत चौदा तारखेच्या जयंतीची तयारी चालू होती. दुरुस्तीला काढलेला एक मोठा स्पीकर मनालीच्या घरी कपाटावर उपडा ठेवला होता. मी कॉटवर पडलेली दिसले तशा विमलाबाई म्हणाल्या, "बाई गं, पोरीची मोलाची वस्तू! कुणाचा पाय पडला तर?" त्यांनी मला पदरानं पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि उंच, त्या स्पीकरच्या गोल पाठीवर ठेवलं. काय छान बैठक होती! पण मित्रांनो, स्पीकरची ती पाठ म्हणजे भलंमोठं लोहचुंबक असतं, आणि लोहचुंबक म्हणजे आम्हा फ्लॉप्यांचा काळ.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मनालीनं मला कॅफेत मशीनमध्ये घातलं. कर्र, कर्र. पुन्हा कर्र. माझ्यात काही उरलं नव्हतं.

घरी येऊन तिनं कपाटावरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं, "आई, याच्या लोहचुंबकानं सगळं पुसलं." विमलाबाईंचे डोळे भरून आले. "मीच ठेवली गं वर. जपून ठेवायला गेले."

मनाली आईवर चिडली नाही. शेवटी विमलाबाईंनीच डोळे पुसले. "पुस्तक सापडेना की मी काय करते? ज्यांनी नेलं त्यांना विचारते. तू दिलंयस ना कुणाला?"

दोघी धावतच एसटीडी बूथवर गेल्या. पलीकडचा चिमाजी सरांचा अहिराणी बोलीतला आवाज पर्समध्ये मलाही ऐकू आला, "तुमना प्रोग्राम मन्हाजोडे शे ना, ताई! आहे माझ्याकडे. सकाळी पहिल्या गाडीनं घेऊन येतो."

आणि खरंच, चिमाजी सर दुसरी फ्लॉपी घेऊन आले. माझ्या पोटातलं, सटाण्याला जाऊन, सुधारून परत आलं होतं. मनालीनं त्यात कॉलनीतली थोडी पुस्तकं भरली. प्रोग्राम झकास चालला.

बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "हे सगळं तुम्हीच लिहिलंत?"

मला वाटलं, आता ही हो म्हणणार. पण मनाली म्हणाली, "नाही सर. यातली एक चूक सटाण्याच्या सरांनी काढली. ते बाहेर बसलेत."

परीक्षक खुशीत म्हणाले, "मी विंचूरचा. आमच्या वाचनालयाला मिळेल का हा?"

मनालीनं मला नव्यानं फॉरमॅट केलं, प्रोग्राम माझ्यात भरला, आणि सरळ त्यांच्या हातात ठेवलं. मला! डोळे असते तर मी तिथेच रडले असते.

तेव्हापासून मी विंचूरच्या वाचनालयात, टेबलाच्या खणात आहे. आताच्या नव्या कॉम्प्युटरला माझ्यासाठी खाचच नाही. परवा इथल्या मोहिनीताई खण आवरत होत्या. मला वाटलं, झालं, आता कचऱ्यात. तेवढ्यात एक मुलगी कॉम्प्युटरवर पुस्तक शोधता शोधता मोठ्यानं वाचू लागली, "वापरा, सुधारा, पुढे द्या. मनाली, नाशिक. चिमाजी सर, सटाणा." पुढे आणखी कितीतरी नावं होती. मी एकालाही ओळखत नाही! कोण असतील ही माणसं? त्यांनी काय काय सुधारलं असेल?

मित्रांनो, तुमच्या हातून काही चांगलं घडलं तर ते रुमालात बांधून उंचावर ठेवू नका. कुणाला तरी द्या. विमलाबाईंनी मला जिवापाड जपलं, तरी माझ्यातलं पुसलं गेलं. जे मनालीनं देऊन टाकलं होतं, तेच तिच्याकडे परत आलं.