पाटाखालची मान

आमच्या ह्यांची मान एप्रिलपासून आखडलेली. कोणी हाक मारली की अख्खा माणूस वळायचा. वर बघणं तर बंदच, त्यामुळे पंख्यावरची धूळ हा विषय आमच्या घरातून कायमचा मिटला. डॉक्टरकडे चला म्हटलं की अरविंदरावांचं उत्तर ठरलेलं, "उशी बदलली की जाईल." चार उशा झाल्या.

खरी भीती सुईची. आणि त्याहून मोठी भीती, कोणी 'वजन उचलू नका' म्हणेल याची. दापोलीला सासरे गणपती डोक्यावर घेऊन विसर्जनाला जात. आम्ही नेरूळला आल्यापासून चोवीस वर्षं हे नेतात, घरापासून तळ्यापर्यंत चालत. शाडूची मूर्ती, पाटासकट दहा किलो तरी भरते.

शेवटी विसर्जनाच्या आदल्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, टोचून घेतो. आज सुई, उद्या मान मोकळी." इंजेक्शनसारखंच असेल, असा ह्यांचा समज.

आखडलेले स्नायू सुई टोचून सोडवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट क्षिप्राचं क्लिनिक आमच्या सोसायटीसमोरच आहे. तिने मानेपासून खांद्यापर्यंत चाचपलं आणि एका गाठीवर बोट थांबवलं. "काका, सुईत औषध नसतं हं. फक्त ही गाठ सैल करायची." बारीकशी सुई आत गेली आणि खांद्याचा स्नायू आपोआप टुणकन उडाला. हे "आई गं" म्हणाले. असं तीन वेळा झालं. मग तिने मान वर करायला सांगितली. हळूहळू नजर छतापर्यंत गेली. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

"उद्या गणपती डोक्यावर घेतो," हे खुशीत म्हणाले.

"छे हो काका! एकदोन दिवस दुखेल अजून. डोक्यावर ओझं तर इतक्यात नाहीच. मान मात्र हलवत राहायची, वर बघत राहायचं."

हे मान खाली घालून घरी आले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांच्या रिटायरमेंटलाही पाहिला नव्हता, आणि मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोपाची आरती झाली. मुलगा निशांत बंगळुरात. शेजारचा शिवतेज म्हणाला, "काका, मी घेतो ना, टेन्शन कशाला?"

हे पाटाजवळून हलेनात. "घरातलंच माणूस हवं रे."

"मग मी कोण, पाहुणी?" मी पदर खोचला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

शिवतेजने पाट उचलून माझ्या डोक्यावर दिला. आमच्याकडे मूर्तीचं तोंड घराकडे ठेवून निघतात. नेणाऱ्याला ओझं, चेहरा मागच्यांना. चोवीस वर्षं मी तो चेहरा बघत मागून चालले. आज मला फक्त रस्ता दिसत होता, आणि सगळा भार मानेवर. तरी तो भार दुसऱ्याला द्यावासा वाटेना. ह्यांचा हट्ट मला पहिल्यांदा कळला.

मागे मोरयाचा गजर चालला होता, सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचा. कोपऱ्यावर तो आवाज एकदम थांबला.

"नंदिनी, हा असा आपल्याकडे बघत जातो?"

"दरवर्षी."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. हे रडत होते. मला मागे वळून त्यांच्याकडे बघायचं होतं, पण पाटाखाली मान वळत नाही.