दोन वर्षांचा फरक

मुलीकडची मंडळी चोपड्याला घर पाहायला आली होती. लग्न धाकट्याचं, जितेंद्रचं. पण चुळबूळ चालली होती थोरल्या हितेंद्रची. पोहे झाले, केळीच्या भावावर बोलून झालं, आणि हा दर पाच मिनिटांनी उठून ओसरीवर जाऊन फोन बघून येई. बारा वर्षं तो व्यावसायिक फुटबॉल खेळत होता, बचावफळीत, अगदी मधोमध. गोव्याच्या क्लबने आणखी दोन वर्षांचा करार पाठवला होता आणि उद्यापर्यंत त्यावर सही हवी होती. चार दिवस झाले तरी त्याच्याने ती होत नव्हती.

मुलीचे वडील तोतारामभाऊ भुसावळला रेल्वेच्या कचेरीत जन्मभर कागद तपासून निवृत्त झालेले. कप खाली ठेवून ते म्हणाले, "लीलाधरभाऊ, राग मानू नका. आमच्या पियुषने मोबाइलवर हितेंद्रची माहिती पाहिली. जन्म मे चौऱ्याण्णव. आणि जितेंद्रच्या बायोडेटात नोव्हेंबर चौऱ्याण्णव. सहा महिन्यांत दुसरं लेकरू?"

कोणीच हसलं नाही. मुलीच्या आत्याने हळूच विचारलं, "दोघांची आई एकच ना?"

दोघांची आई लताबाई स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती नुसती जितेंद्रकडे बघत राहिली.

"मोबाइलवर काय, काहीबाही असतं," हितेंद्रचे वडील लीलाधरनाना घाईने म्हणाले.

हितेंद्रला सगळं ठाऊक होतं. शाळेसाठी तो दीपनगरला मामाकडे राहायचा, तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीच्या मैदानावर खेळायचा. पंधरा वर्षांखालच्या निवडीच्या वेळी त्याचं वय तीन महिने जास्त भरलं, तेव्हा प्रेमराजमामाने कुठूनसा नवा दाखला आणला. ब्याण्णवचं चौऱ्याण्णव झालं. पुढे प्रत्येक क्लबच्या कागदावर तीच तारीख चढत गेली. गेल्या मोसमात कोवळी पोरं त्याच्या खांद्याला घासून पुढे निघून जायला लागली. "एकतिसाव्या वर्षीच एवढा जड कसा झालास?" कोच म्हणाला होता, तेव्हा तो हसला होता. तेहेतिसावं चालू आहे, हे त्या हसण्याखाली दडपून टाकलं होतं.

तो उठून उभा राहिला.

"मोबाइलवर दाखल्यावरचीच तारीख आहे, भाऊ. खोटा आहे तो माझा दाखला. मी ब्याण्णवचा. खेळायला मिळावं म्हणून वय कमी केलं होतं. आम्ही दोघंही याच माउलीच्या पोटचे."

नानांनी मान खाली घातली. तोतारामभाऊंनी चष्मा पुसला, 'कळवतो' म्हणाले आणि मंडळी गेली.

आत लताबाई भांडी आपटत होती. "बारा वर्षांचं मातीत घातलं तू!"

"तुला असं कोणी विचारलेलं मी ऐकून घेऊ?"

"ऐकून घेतलं असतं मी!" तिचा आवाज फुटला. "दाखल्याचं मामाले मीच म्हटलं होतं. तू पलंगावर तोंड फिरवून पडला होता, दोन दिवस जेवला नाही. मीच म्हटलं, करून टाक."

हितेंद्रला हे माहीत नव्हतं. तो तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला. मग बाहेर गेला आणि क्लबच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. "हे मला वर कळवावंच लागेल," तो शेवटी म्हणाला. "कराराचं विसर."

आठ दिवसांनी भुसावळहून होकार आला. महिन्याभराने हितेंद्रवर वर्षाची बंदी आली. लग्नात तो मांडवभर फिरत राहिला; कधी वाढप्यांच्या मागे, कधी पार्किंगकडे. पाहुण्यांनी "आता काय?" विचारलं की तो दुसऱ्याच कामाला निघून जाई.

बंदी संपली तेव्हा चौतिशी उलटत आलेली. मोठ्या क्लबांनी फोन उचलला नाही. धुळ्याच्या एका हौशी संघाने बोलावलं, तो गेला. पहिल्याच सामन्यात विशीतल्या एका विंगरने त्याला दोनदा चकवलं, आणि दुसऱ्यांदा गोल झाला. हितेंद्र घसा फोडून ओरडत होता, "लाइन पुढे आणा! पुढे!" संघ तीन-एकने हरला. पोरं बूट सोडून उसाच्या रसाच्या गाडीकडे गेली.

"भाऊ, चला ना," एकाने हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला, आणि गुडघा ठणकत असतानाही मैदानाच्या कोपऱ्यापासून मध्यरेषेपर्यंत पुन्हा धावायला लागला.