लुडचा वेग

लुड ह्रिबर गेला आणि तीन आठवड्यांत थोर झाला. बेचाळीस वर्षं त्याची चौकशीही न केलेली माणसं रविवारी दुपारी क्लीव्हलँडच्या स्लोव्हेनियन हॉलमध्ये काळी जाकिटं घालून जमली. जाकिटं तीच जुनी, पोटं तेवढी नवी. केस उभे करून यायची बऱ्याच जणांची इच्छा होती, पण केसांनीच साथ सोडलेली.

लुड 'डेड टोस्टर्स' या पंक बँडचा ड्रमर. बेस गिटार वाजवायची ती कॉनी मस्लांका. त्याच्या शेजारी उभी राहून तिनं तीन वर्षं वाजवलं होतं. आज तिला एकच हवं होतं: 'ओव्हरटाइम' हे गाणं लुडच्या वेगानं वाजावं. एक मिनिट चाळीस सेकंद, बस्स. 'लुड घाई करतो' असं म्हणून बँडनं त्याला एक्क्याऐंशी साली काढलं, तेव्हा हात वर करणाऱ्यांत तीही होती. खरं तर लुड घाई करत नव्हता, गायकाचाच दम पुरत नव्हता. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. पुढं तेच गाणं साडेतीन मिनिटांचं झालं आणि गायकानं ते गावोगाव मिरवलं.

तो गायक, रेझर, स्टेजमागे आला. खरं नाव गॅरी प्लमर. वय अडुसष्ट, गुडघा बदललेला, गॉगल न बदललेला.

"कॉने, आज जरा सावकाश हं. प्रसंग गंभीर आहे."

"लुडला सावकाश कधी आवडलं रे?"

"लुड गेलाय. मला ब्लडप्रेशर आहे."

"मग तुझ्या ब्लडप्रेशरची सभा वेगळी घेऊ."

लुडच्या जागी ब्रेंट नावाचा एक नामांकित ड्रमर आणला होता. लुडला चार ड्रम पुरायचे, यानं अकरा मांडले होते. वर कानात टिकटिक ऐकवणारं यंत्र. "वेग लावून ठेवलाय, काळजी नको," तो म्हणाला. "आकडा रेझरनंच पाठवला."

तेवढ्यात लुडची थोरली बहीण मिल्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली. वय त्र्याऐंशी. "पोरी, नीट वाजव हं. मागं आमची पोल्का नाचणारी म्हातारी मंडळी बसलीयेत. लुडनं आम्हाला कधी बोलावलंच नाही. म्हणायचा, तुम्हाला कळणार नाही. आणि मग बिचाऱ्याचं मनगट गेलं, ड्रमच सुटले." मनगटाचं हे कॉनीला नवीन होतं. तिनं मान खाली घालून गिटारची तार उगाच पिळली.

मग रेझरचं निरूपण सुरू झालं. विषय लुड होता. त्यात लुड दोनदा आला, रेझर एकतीस वेळा. "लुड म्हणजे घड्याळ होतं, घड्याळ!" तो म्हणाला. "तो सोडून निघाला तेव्हा मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो. पण थोरांना कोण अडवणार?" इथं त्यानं रुमाल काढून डोळे टिपले, गॉगलच्या वरूनच. काळी जाकिटं हळहळली.

ब्रेंटनं काठ्या उचलल्या. सुरुवातीचे चार ठोके ड्रमरचे असतात. ते पडायच्या आत कॉनीनं बूट चारदा फळीवर आपटला आणि सुटली.

ब्रेंटच्या कानात एक चाललेलं, पायाखाली दुसरंच. दोन ओळी तो लटपटला, मग यंत्र उपटून खिशात कोंबलं आणि तिच्यामागं धावला. रेझर मात्र सुटलेल्या बसमागं पळणाऱ्यासारखा झाला. आधी विशेषणं गळली, मग नामं, शेवटी नुसती क्रियापदं उरली.

आणि मागच्या बाकांवर गंमत झाली. हा ठेका म्हाताऱ्यांनी जन्मभर लग्नात ऐकला होता. लुड तो मामाच्या पोल्का बँडमध्ये शिकला आणि त्यानं तो नुसता पळवला. टोस्टर्सना मात्र कधी सांगितलं नाही. बंडखोराचा मामा अकॉर्डियन वाजवतो हे कळलं असतं, तर बंडाची काय शोभा राहिली असती? मिल्कानं शेजारच्या फ्रँकचा हात धरला. जोड्या गरगर फिरू लागल्या आणि काळी जाकिटं बिअर सांभाळत भिंतीला चिकटली.

एक मिनिट चाळीस सेकंदांनी गाणं संपलं. रेझर अजून दुसऱ्या कडव्यात होता.

"मंडळी, माफ करा," तो धापा टाकत म्हणाला. "कॉनीनं जरा घाई केली."

कॉनीनं माइक ओढून घेतला.

"हेच. असंच म्हणून आम्ही लुडला काढलं. तो गेला नाही, आम्ही काढला. त्याचं मनगट ठणठणीत होतं. दम गॅरीला पुरत नव्हता, आणि हे माहीत असून मी गॅरीच्या बाजूनं हात वर केला."

फ्रँकचा हात मिल्काच्या हातात तसाच होता.

"दर नाताळला मी त्याला मलम पाठवायचे," मिल्का म्हणाली. "मनगटासाठी. बेचाळीस वर्षं. आणि तो मेला कळवायचा, आता बरं वाटतंय म्हणून."

कॉनीनं माइक खाली ठेवला.

"माफीचं बघू नंतर," मिल्का म्हणाली. "आधी पुन्हा वाजव. आणि त्या गॉगलवाल्याला कुणीतरी खुर्ची द्या, पडेल तो."

कॉनीनं बूट उचलला. मिल्कानं तिच्याकडे पाठ केली आणि फ्रँकच्या खांद्यावर हात ठेवला.