पोशीचं गाणं आणि टीव्ही ट्यूनर

खोडाळ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कमलेशने उसना व्हीसीआर दुकानातल्या टेबलावर ठेवला आणि त्याचा जीव टांगणीला लागला. समोर रुपी बसली होती. तिची आई पोशी नावाजलेली धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. ती गेल्या वर्षी वारली. आता शनिवारी रुपीला पहिलं लग्न लावायचं होतं, आणि लग्नाच्या मोठ्या गाण्यातला एक तुकडा तिला काही केल्या आठवत नव्हता. गावातल्या तुकाच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटमध्ये मात्र पोशी ते गाणं गायली होती.

"अख्ख्या मांडवासमोर अडले तर तोंड कुठं लपवू, कमलेशभाऊ?"

"अडशील कशाला? मी आहे ना!" कमलेश म्हणाला खरा, पण व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर आणणारी ती डबी, टीव्ही ट्यूनर, त्याने जन्मात कधी हाताळली नव्हती. हा गडीच असा, आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसत बसायचं.

व्हीसीआरच्या वायरी ट्यूनरला लावल्या, ट्यूनर कॉम्प्युटरला. पडदा निळा तो निळाच. अर्धा तास कॉम्प्युटर अँटेनावरची चॅनेलं शोधत होता. अरे बाबा, इथं कसली चॅनेलं! कमलेशने 'अँटेना' काढून 'व्हिडिओ' निवडलं, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि काय सांगू, पोशी दिसली! ओठ हलत होते, आवाज मात्र नाही.

"थांब, परत लावतो," म्हणत त्याने हात पुढे केला. रुपीने मनगटच धरलं.

"हात लावू नको! गाणं सुरू झालं की मध्ये तोडायचं नाय. आईने कधी तोडलं नाय."

"अगं, पण आवाज..."

रुपी ऐकते कुठं? आईच्या ओठांकडे बघत तिने स्वतःच सूर लावला. मध्येच पोशी हसताना दिसली, तशी गाता गाता रुपीही हसली. अडायची ती जागा कधी आली नि गेली, कळलंच नाही. कमलेशचे डोळे भरून आले.

"आठवलं रे! आईकडं बघून सगळं आठवलं!"

मग चूक सापडली. आवाज व्हीसीआरवरून घ्यायचा सोडून कमलेशने तो कॉम्प्युटरच्या माइकवरच ठेवला होता. ते बदलून त्याने कॅसेट पहिल्यापासून लावली. पोशीचा खडा आवाज दुकानभर घुमला. तो तुकडा आला आणि पोशी म्हणाली, "इसरले गं बायांनो!" हसली, नुसतीच गुणगुणली आणि पुढच्या कडव्यावर गेली.

रुपी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आईलापण येत नव्हतं! मग मघाशी मी काय गायले?"

"तुझंच काहीतरी. पण झकास होतं हां."

"आता ते आठवत नाय रे!"

कमलेशने पहिलं रेकॉर्डिंग लावलं. माइक चालू होता ना! पडद्यावर पोशीचे ओठ हलत होते आणि आवाज रुपीचा येत होता. रुपीने खुर्ची पुढे ओढली आणि आईच्या तोंडून आपलंच गाणं पाठ करायला बसली.