सुकत घातलेलं भांडण

आमच्या शाळेत भांडणं होत नव्हती, हा आमचा गुन्हा. पहिली ते चौथी मिळून एकतीस पोरं, शिक्षक दोन, एका बाजूला खाडी नि दुसऱ्या बाजूला समुद्र. भांडून जायचं कुठे? पण शाळेतले तंटे शांततेने मिटवायची मोहीम निघाली, तिचं ॲप आलं, आणि त्यात तीन महिने आमच्या नावापुढे शून्यच दिसत राहिलं. मग वरून पत्र आलं. एकही तंटा न मिटवणाऱ्या शाळांनी लेखी खुलासा द्यावा.

मुख्याध्यापक गणराज सरांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. "जागृती मॅडम, तुमच्या वर्गात काही होतच नाही का हो?" जणू मी पोरांना उपाशी ठेवत होते.

त्यामुळे चौथीतल्या प्राप्तीने आणि अमिषाने एका सोमवारी मधल्या सुट्टीत एकमेकींच्या वेण्या धरल्या, तेव्हा सरांना झालेला आनंद मी विसरणार नाही. अमिषाने खिचडीबरोबर खायला सुक्या बोंबलाची चटणी आणली होती, ती प्राप्तीने सगळी आपल्याच ताटात ओतून घेतली. अमिषाने तिच्या वहीचं पान टरकावलं. दोघींनी करंगळ्या दाखवून कट्टी घेतली. सर फोन घेऊन धावत आले आणि मी माहिती भरली. पक्षकार एक, वय नऊ. पक्षकार दोन, वय नऊ. तंट्याचं स्वरूप 'गंभीर', कारण 'चटणी' असा पर्याय नव्हता.

भरून झाल्यावर मान वर केली, तर दोघी पेरूच्या झाडाखाली एकाच ताटात जेवत होत्या.

"मिटलं, सर," मी म्हटलं.

"असं कसं मिटलं?" सर केवढ्याने तरी ओरडले. ॲपवर आमच्या नावापुढे लाल ठिपका आला होता. तो हिरवा करायचा तर तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी स्वतः येऊन दोन्ही पक्षकारांचे हात मिळवायचे आणि फोटो काढायचा. साहेब शुक्रवारी येणार होते. "तोवर दोघींना लांब बसवा. एकत्र दिसल्या, तर आपण खोटी नोंद केली असं होईल."

तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत तीन पायांच्या शर्यतीला आमच्या शाळेची जोडी म्हणजे ह्याच दोघी. अमिषाच्या आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्यांनी पाय बांधायला पट्टी केली होती आणि शाळा सुटली की रोज वाळूत धावायच्या. ती पट्टी मी काढून घेतली आणि माझ्या खणात ठेवली. चार दिवसांचा तर प्रश्न, असं स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी साहेब आले नाहीत. त्यांना तंटे मिटवण्याचं प्रशिक्षण होतं. पुढच्या बुधवारीही आले नाहीत. ऑफिसात गाडी एकच आणि तिच्यावरून दोन साहेबांची जुंपली होती म्हणे. ते तंटे कुठल्या ॲपवर टाकतात कोण जाणे.

इकडे अमिषा रोज विचारायची, "बाई, आता बसू का प्राप्तीजवळ?" ठिपका, नोंद, खुलासा हे तिला काय समजावणार? एक दिवस वैतागून मी म्हणाले, "थांब जरा. ती अजून रागात आहे." दुसऱ्या दिवशी प्राप्तीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. किती सोपं गेलं मला ते! त्यानंतर दोघींनी विचारणंच सोडलं. मला वाटलं, चला, सुटले.

खिचडी शिजवणाऱ्या मनुबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. "भांडन ताजं व्हतं बाई," त्या म्हणाल्या. "सांजपर्यंत सुदीक टिकलं नसतं. तुमी त्याला मीठ लावून सुकत घातलंत. आता वरीसभर जाईल."

प्राप्ती खरोखरच अमिषा दिसली की दुसऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांनी जाऊ लागली. अमिषाने चटणी आणणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, साहेब उगवले. नारळ फुटला. साहेब 'क्षमा' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. मध्येच फोन आला तेव्हा गाडीवरून त्यांनी कुणाला तरी यथेच्छ झापलं आणि पुन्हा क्षमेवर आले. मग दोघींना पुढे बोलावून हातात हात दिले. "हसा," सर म्हणाले. दोघींनी दात दाखवले. ठिपका हिरवा झाला, टाळ्या पडल्या, आणि हात सुटताच प्राप्तीने आपला हात स्कर्टला पुसला.

साहेबांची गाडी गेल्यावर मी दोघींना थांबवलं आणि खणातली पट्टी काढली. "घ्या. उद्या धावायचंय ना?"

"तिला द्या," अमिषा म्हणाली.

"मला नको," प्राप्ती म्हणाली. "तिच्या आजीची हाय."

आता मात्र मला माझीच लाज वाटली. "तुमच्यातली कुणीच रागात नव्हती," मी म्हटलं. "दोघी मला विचारत होतात. मीच खोटं बोलले."

प्राप्तीने अमिषाकडे बघून हळूच विचारलं, "तू इचारलंवतंस?"

"रोज. तू?"

"मी पन."

दोघी एकदम माझ्याकडे वळल्या आणि दोन करंगळ्या माझ्या नाकासमोर आल्या. "बाई, तुमच्याशी कट्टी!" अमिषाने माझ्या हातातली पट्टी ओढली आणि दोघी वाळूकडे पळाल्या.

दुसऱ्या दिवशी अलिबागच्या मैदानावर त्या दोनदा पडल्या आणि शेवटून दुसऱ्या आल्या. परतताना टमटममध्ये पुढे बसून त्यांनी एकच डबा उघडला. चटणीचा वास पार मागे माझ्यापर्यंत आला. मला कुणी घेता का म्हणून विचारलं नाही.

सोमवारी गणराज सर फोन घेऊन आले. "मॅडम, नव्या महिन्याचा रकाना रिकामाच आहे. एखादा तंटा आहे का?"

दारातून प्राप्ती आणि अमिषा माझ्याकडे न बघता आत आल्या आणि एका बाकावर बसल्या. मी सरांना नाही म्हटलं. साहेबांना यायला तीन आठवडे लागतात, आणि मला तेवढे दिवस कट्टी सोसवणार नव्हती.