फळीवरची टाच

सुमंगलाने धाकट्या जावेच्या, सरलाच्या हातातलं ओटीचं ताट धरलं, ते सोडेचना. माडीवरच्या आतल्या खोलीत सासूबाईंचं, माईंचं शेंडेफळ, मालन, अंगभर लाल पुरळ घेऊन निजली होती. असं पुरळ उठलं, माता आली, की पोटुशी सुनेने पहिली ओटी भरायची, ही देवासच्या या घराची रीत. सरलाला तिसरा महिना होता.

"जाऊबाई, छोडो ना. माई गुस्सा होतील."

"आत जाऊ नकोस."

माई बाहेर आल्या. "भलताच हट्ट! तुझ्या वेळी तू नाही का भरलीस?"

भरली होती. पंधरा दिवसांनी तिच्याही अंगावर पुरळ उठलं, तीन दिवसांत गेलं. मग इंदू झाली. गेल्या दिवाळीत माहेरी, इंदूरला, भावाने पोरीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आधी त्या पुरळाचंच विचारलं. म्हणाले, पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही, त्या पुरळाने पोटातच घात झाला.

सुमंगलाने ते घरात सांगितलं नाही. हाक मारताना ती टाचेने जमिनीची फळी दाबी. फळी हले, इंदू वळे, आणि घर म्हणे, पोरगी उशिरा बोलेल. मुकी म्हणून एकदा नाव पडलं की पोरीला कोपऱ्यात बसवतील, याची तिला धास्ती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आज ती झाकून ठेवली तर सरलाचं काय?

"माई, इंदूला ऐकू येत नाही. माझ्या त्या पुरळाने."

"काहीतरीच! हाक मारली की वळते ती."

"मी टाचेने फळी दाबते, म्हणून."

इंदू खिडकीशी पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. सुमंगलाने ताट रिकामं केलं, झोपाळ्यावर बसून दोन्ही पाय वर घेतले आणि ताटावर वाटी आपटली. एकदा, दोनदा. आत मालन दचकून रडू लागली.

इंदूने पुढचा चिंचोका मांडला.

माई तिच्या पाठीमागे आल्या. मग त्यांनी हळूच आपली टाच फळीवर दाबली. इंदू वळली आणि हसली.

"सरला," माई म्हणाल्या, "आजच माहेरी जा, कुक्षीला. ओटी मी भरते."

सरला जागची हलली नाही. तिचा हात पोटावर गेला होता.

"माई, परवापासून मालन माझ्याच कुशीत निजतेय."